वर्णपट शिकवायचा तर तक्ता शेवटी लावा

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: नागपुरातली मराठी माध्यमाची शाळा, नववी-दहावीचे चाळीस विद्यार्थी, हाताशी चार तासिका, कपाटात काचेचे दोन लोलक (प्रिझम). प्रकाशाचं वागणं आणि विद्युतचुंबकीय वर्णपट (रेडिओ तरंगांपासून गॅमा किरणांपर्यंतचा सगळा पसारा, दिसणारा प्रकाश त्याचाच एक भाग) यांची ओळख कशी करून द्यावी, म्हणजे मुलं त्यातल्या सात पट्ट्यांची नावं घोकून मोकळी होणार नाहीत?

पहिली सूचना: वर्णपटाचा तो छापील रंगीत तक्ता पहिल्या दिवशी भिंतीवर लावू नका. त्यामुळे तीन गैरसमज डोक्यात बसतात आणि ते बारावीपर्यंत निघत नाहीत. तक्त्यावर सगळे पट्टे जवळपास सारख्या रुंदीचे असतात, म्हणून दृश्य प्रकाश हा एकूण पसाऱ्याचा सातवा हिस्सा वाटतो. अवरक्त (लालच्या पलीकडचा, न दिसणारा) पट्टा काळपट लाल आणि अतिनील (जांभळ्याच्या पलीकडचा, न दिसणारा) गर्द जांभळा रंगवलेला असतो, म्हणून त्यांनाही रंग असतो असं वाटतं. आणि वरची नागमोडी रेषा पाहून प्रकाश सापासारखा वळवळत जातो अशी समजूत होते. ती रेषा प्रकाशाची वाट नाही. वाटेवरच्या प्रत्येक ठिकाणी विद्युत क्षेत्र किती आणि कोणत्या बाजूला आहे, त्याचा तो आलेख आहे. हे मुलांना लगेच उमगणार नाही, पण फळ्यावर रेषा काढणाऱ्याला ठाऊक असलं पाहिजे.

डोळ्याला दिसतं तिथून सुरुवात करा. मग लाल कडेच्या पलीकडे एक पाऊल, जांभळ्या कडेच्या पलीकडे एक पाऊल. प्रत्येक पावलाला दोनच प्रश्न विचारा: इथे डोळा चालत नाही, मग ओळखायचं कशाने? आणि हे कशातून आरपार जातं, कशाने अडतं? सगळा वर्णपट एकाच जातीच्या तरंगांचा आहे हे मुलांना पटतं ते या दुसऱ्या प्रश्नामुळे.

भिंतीवरचा पट्टा

लोलकाचा प्रयोग फसतो तो बहुधा अंतरामुळे. साध्या काचेचा ६० अंशांचा लोलक लाल आणि जांभळा यांच्यात जेमतेम पावणेदोन अंशांची फाकट पाडतो. म्हणजे दोन मीटरवर पट्टा सुमारे सहा सेंटिमीटरचा. त्यात सूर्याची चकती स्वतःच अर्धा अंश रुंद, म्हणून त्याच दोन मीटरवर प्रत्येक रंग पावणेदोन सेंटिमीटर पसरतो आणि शेजारच्या रंगावर चढतो. पडदा अर्ध्या मीटरवर धरला की पांढरा ठिपका आणि त्याला रंगीत किनार, एवढंच दिसतं. शिक्षक म्हणतात लोलक खराब आहे. लोलक ठीक असतो, पडदा मागे न्यायला हवा. खिडकीला पुठ्ठा लावून त्यात तीन मिलिमीटरची उभी फट पाडा, लोलक फटीलगत धरा, पडदा तीन मीटरवर ठेवा आणि लोलक सावकाश फिरवा. फिरवताना पट्टा एका बाजूला सरकत जाऊन एका जागी थबकतो आणि मग उलट फिरतो. थबकतो ती जागा सर्वांत कमी विचलनाची, म्हणजे किरण सर्वांत कमी वळतो तिथली, आणि पट्टा तिथे नेटका दिसतो.

लोलक कमी पडत असतील तर परातीत पाणी घेऊन त्यात आरसा तिरपा टेकवा. पाण्याचा पाचरीसारखा भाग लोलकाचं काम करतो. पाणी स्थिर होईपर्यंत मिनिटभर थांबावं लागतं, आणि या मिनिटात कोणीतरी परातीला धक्का देतंच.

उन्हाचे प्रयोग डिसेंबर ते फेब्रुवारीत उरका. नागपूरचा अक्षांश २१.१५ अंश. डिसेंबरअखेर भर दुपारी सूर्य क्षितिजापासून सुमारे ४५ अंशांवर असतो, ऊन खिडकीतून आत येतं आणि हवा स्वच्छ असते. मार्चनंतर सूर्य चढत जातो, सकाळची शाळा सुरू होते आणि वर्गाचं तापमान स्वतःच प्रयोगात ढवळाढवळ करू लागतं. (सूर्य डोक्यावर येऊन सावली पायाखाली नाहीशी होते तो शून्य सावलीचा दिवस नागपुरात २६ मेच्या सुमारास, दुपारी बारा वाजून दहा मिनिटांच्या आसपास. दुसरा जुलैच्या मध्यानंतर. पहिला सुट्टीत जातो, दुसरा ढगांत. शाळेच्या दृष्टीने दोन्ही वाया.)

लोलक एकदा दाखवून झाला की प्रत्येक चार मुलांमागे एक सीडीचा वर्णपटदर्शक (प्रकाश रंगांत फोडून दाखवणारा खोका) बनवून घ्या. याला एक पूर्ण तासिका द्या. ती वसूल होते. जुन्या सीडीच्या लेबलाच्या बाजूला टाचणीने ओरखडा काढा, त्यावर रुंद चिकटपट्टी घट्ट दाबून झटक्यात ओढा. चकाकणारा थर निघून येतो आणि खाली पारदर्शक प्लॅस्टिक उरतं. त्यावरच्या खोबणी एकमेकींपासून १.६ मायक्रोमीटरवर असतात, म्हणजे मिलिमीटरला ६२५. डीव्हीडीवर हे जमत नाही, कारण तिचा थर दोन चकत्यांच्या मध्ये दडलेला असतो. काठाजवळचा दोन सेंटिमीटरचा तुकडा कापा, तिथे खोबणी जवळपास सरळ असतात.

बुटांचा खोका घ्या, लांबी २२ सेंटिमीटर धरू. एका टोकाला दाढीच्या ब्लेडच्या दोन अर्धुकांची फट करा. मध्ये पोस्टकार्ड उभं धरून ब्लेड चिकटवली की हवी तेवढी बारीक फट मिळते. समोरच्या टोकाला बोटभर भोक आणि त्यावर सीडीचा तुकडा, खोबणी फटीला समांतर. इथे नेहमी होणारी चूक म्हणजे फट मधोमध ठेवणे. गणित करून पाहा: जांभळा रंग फटीपासून बाजूला साधारण पावणेसहा सेंटिमीटरवर दिसतो, गडद लाल पावणेअकरावर. म्हणून फट आणि भोक दोन्ही खोक्याच्या एकाच कडेला घ्या, म्हणजे पट्ट्याला जागा उरते. मुलं सरळ फटीकडे पाहतात आणि "काहीच दिसत नाही" म्हणतात. त्यांना बाजूला पाहायला सांगा. पट्टा बाजूला न दिसता वर-खाली दिसला तर तुकडा ९० अंशांत फिरवा. फटीच्या बाजूच्या आतल्या भिंतीवर आलेख कागदाची पट्टी चिकटवली की मोजमापही होतं.

पाहायचं काय? जुना पिवळा बल्ब: सलग पट्टा, कुठे खंड नाही. सीएफएल: सुट्या रेषा. पाऱ्याची निळी-जांभळी रेषा ४३६ नॅनोमीटरची (ही तिची तरंगलांबी, म्हणजे तरंगाच्या लागोपाठच्या दोन शिखरांमधलं अंतर; नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग), ती वरच्या खोक्यात ६.२ सेंटिमीटरवर येते. हिरवी ५४६ ची ८ सेंटिमीटरवर. नारिंगी-लाल ६११ ची ९.१ वर. ही शेवटची पाऱ्याची नाही, नळीच्या आतल्या लेपाची आहे. पांढरा एलईडी: ४५० च्या आसपास निळा उंचवटा, मग ४८० जवळ खळगा, मग हिरव्यापासून लालपर्यंत पसरट टेकडी. तिन्ही दिवे डोळ्याला पांढरे किंवा पांढरट दिसतात आणि आतून पार वेगळे निघतात. "पांढरा म्हणजे सात रंग" हे वाक्य इथे आपोआप मोडतं. सात हा आकडा न्यूटनने संगीतातल्या सप्तकाशी जुळवून घेतला होता. पट्ट्यात सात खाचा कुठेच नाहीत. सीएफएल आता बाजारातून जवळपास गेले आहेत, घरोघरी पडून असलेले चार-पाच गोळा करून ठेवा. फुटले तर खिडक्या उघडा आणि झाडू न मारता ओल्या कागदाने तुकडे टिपा, कारण आत थोडा पारा असतो.

वर्णपटदर्शक सूर्याकडे रोखायचा नाही, हे बनवण्याआधी सांगा, नंतर नाही. उन्हातली पांढरी भिंत पुरते.

लाल कडेपलीकडे

विल्यम हर्शेलने १८०० साली वर्णपटाच्या वेगवेगळ्या रंगांत तापमापी ठेवून पाहिले आणि लाल रंगाच्या पुढे, जिथे काहीच दिसत नव्हतं, तिथला पारा सर्वांत जास्त चढला. शाळेत हा प्रयोग जमतो, पण काही अटींवर. तीन सारखे तापमापी घ्या, आधी एकत्र ठेवून त्यांच्यातला मूळचा फरक लिहून घ्या. त्यांचे टोकाचे फुगे काळ्या रंगाने किंवा काजळीने काळे करा. काळे नसतील तर फरक अर्ध्या अंशातच गडप होतो. लोलक खोक्याच्या वरच्या काठाला बसवा, पट्टा खोक्याच्या सावलीतल्या तळाशी पडू द्या. एक फुगा निळ्यात, एक पिवळ्यात, एक लालच्या अगदी बाहेर. चौथा असेल तर पट्ट्यापासून दूर सावलीत, तुलनेसाठी. पाच ते आठ मिनिटं थांबा. सूर्य सरकतो तसा पट्टाही सरकतो, म्हणून दर मिनिटाला खोका किंचित वळवावा लागतो. बहुतेक वेळा प्रयोग इथेच हातचा जातो. वारा असेल तर करूच नका. फरक दोन-तीन अंशांचा मिळाला की पुष्कळ झाला.

यावरून "सूर्य सर्वांत जास्त उष्णता अवरक्तात देतो" असा निष्कर्ष मात्र काढू देऊ नका. काचेचा लोलक जांभळी बाजू जास्त पसरवतो आणि अवरक्त बाजू दाटीवाटीने बसवतो. तापमापीच्या एका फुग्यावर अवरक्ताचा मोठा टप्पा एकदम पडतो, निळ्याचा थोडासाच. चढलेला पारा पलीकडे काहीतरी आहे एवढंच सिद्ध करतो, आणि तेवढं बस्स आहे.

दुसरा गैरसमज म्हणजे "अवरक्त म्हणजे उष्णता". कोणताही प्रकाश शोषला गेला की वस्तू तापते; निळ्यातला तापमापीही चढलाच होता. हा गैरसमज घालवायला टीव्हीचा रिमोट उत्तम. त्याचा एलईडी साधारण ९४० नॅनोमीटरचा प्रकाश फेकतो आणि हाताला काडीचंही ऊन लागत नाही. मोबाइलच्या कॅमेऱ्यातून तो जांभळट चमकताना दिसतो. मागच्या कॅमेऱ्यावर बहुधा अवरक्त गाळणी असते, म्हणून दिसला नाही तर सेल्फीचा कॅमेरा वापरा. मग रिमोट टीव्हीकडे पाठ करून भिंतीवर रोखा: टीव्ही चालू होतो, म्हणजे परावर्तन आलं. तळहात आड धरा: अडतो. काळपट कोला भरलेला काचेचा ग्लास आड धरा: आरपार जातो. डोळ्याला काळं, रिमोटला पारदर्शक. वर्ग इथे हमखास जागा होतो.

याच्या पुढचं पाऊल करोनाच्या काळात जवळपास प्रत्येक शाळेत येऊन आता कपाटात पडलेलं आहे: कपाळाला रोखायची तापमानाची बंदूक. ती काहीही फेकत नाही. आपल्या त्वचेतून बाहेर पडणारी, साधारण साडेनऊ मायक्रोमीटरच्या आसपासची अवरक्त प्रारणं ती मोजते. बटण दाबून ती 'शरीर' ऐवजी 'पृष्ठभाग' मोजण्यावर आणा. गालावर रोखा, आकडा लिहा. आता मध्ये खिडकीची स्वच्छ काच धरा. आकडा काचेच्या तापमानावर घसरतो, कारण या तरंगलांबीला काच भिंतीसारखी अपारदर्शक आहे. काच काढून कचऱ्याची काळी पातळ पिशवी ताणून धरा: गाल पुन्हा 'दिसतो'. काचेतून डोळा पाहतो, बंदूक नाही. काळ्या पिशवीतून बंदूक पाहते, डोळा नाही. एवढ्या कमी खर्चात इतकं ठासून सांगणारा दुसरा प्रयोग नाही. हाही हिवाळ्यातच करा. मे महिन्यात काचच शरीराहून गरम झालेली असते आणि आकडे काही सांगेनासे होतात.

जांभळ्या कडेपलीकडे

हर्शेलच्या पुढच्याच वर्षी, १८०१ मध्ये, योहान रिटरने सिल्व्हर क्लोराइड वापरून दाखवलं की जांभळ्याच्या पलीकडे ते सर्वांत लवकर काळं पडतं. शाळेत याऐवजी नोटा तपासायची छोटी टॉर्च आणा, सीताबर्डीच्या बाजारात मिळते. स्वस्तातली टॉर्च बहुधा ३९५ नॅनोमीटरची, म्हणजे जांभळ्याच्या उंबरठ्यावरची असते आणि तिचा दिसणारा जांभळा उजेड परिणाम धुऊन टाकतो. ३६५ ची मिळाली तर घ्या.

खोली अंधारी करा. मुलांचे पांढरे शर्ट निळसर चमकतात, कारण धुण्याच्या पावडरीत अतिनील शोषून निळा प्रकाश देणारी द्रव्यं असतात. नोटेतले तंतू उजळतात. चिमूटभर हळद हँड सॅनिटायझरमध्ये ढवळली की द्राव हिरवट-पिवळा झगमगतो. पाण्यात ढवळली तर नाही, कारण हळदीचं रंगद्रव्य पाण्यात विरघळत नाही. पालकाचं पान स्पिरिटमध्ये चुरडून गाळलं तर हिरवा द्राव रक्तासारखा लाल दिसतो. मग पांढऱ्या कापडाच्या अर्ध्या भागाला सनस्क्रीन फासा: तेवढा भाग काळा पडतो. फळ्यावर एक ओळ लिहून ठेवा: आत गेलेल्या प्रकाशापेक्षा बाहेर आलेल्याची तरंगलांबी जास्त. ऊर्जेचा मुद्दा पुढे इथूनच उचलता येतो.

टॉर्च कोणाच्याही डोळ्यांवर मारायची नाही. आणि पाणी किंवा हवा निर्जंतुक करायची २५४ नॅनोमीटरची नळी वर्गात आणायचीच नाही. ती फिकट निळी, निरुपद्रवी दिसते आणि काही मिनिटांत डोळ्यांना इजा करते.

पन्नास सप्तकांची पट्टी

आता पसारा दाखवायची वेळ. दहाचे घात मुलांच्या डोक्यात शिरत नाहीत, पेटीचं (हार्मोनियमचं) सप्तक शिरतं. एक सप्तक वर गेलं की वारंवारता (सेकंदाला होणारी कंपनं) दुप्पट, तरंगलांबी निम्मी. एक किलोमीटर लांबीच्या रेडिओ तरंगापासून एका मीटरच्या लाख-कोटीव्या भागाएवढ्या गॅमा किरणापर्यंत जवळपास पन्नास सप्तकं होतात. साध्या पेटीत तीन-साडेतीन असतात. पाच मीटर लांबीची कागदी पट्टी भिंतीवर चिकटवा, एका सप्तकाला दहा सेंटिमीटर द्या आणि मुलांकडून खुणा करून घ्या.

शून्यावर एक किलोमीटर. नागपूर आकाशवाणीच्या ५८५ किलोहर्ट्झ मध्यम लहरींची लांबी ५१२ मीटर, ती १० सेंटिमीटरच्या किंचित अलीकडे. एफएमवरची ९८.३ मेगाहर्ट्झची वाहिनी, लांबी तीन मीटर, ८४ वर. मोबाइलचा ९०० मेगाहर्ट्झचा पट्टा, ३३ सेंटिमीटर, ११५ वर. वाय-फाय आणि मायक्रोवेव्ह ओव्हन, १२ सेंटिमीटर, १३० वर. घरावरची डिश, अडीच सेंटिमीटर, १५३ वर. मग बराच वेळ शांतता, आणि २६६ वर आपल्या अंगातून निघणारं अवरक्त. रिमोट बरोबर ३०० वर. दृश्य प्रकाश ३०३ ते ३१३. तिथे लाल ते जांभळी रंगीत पट्टी चिकटवा: पाच मीटरांत दहा सेंटिमीटर, पुरतं एक सप्तकही नाही. क्ष-किरण ४४० च्या आसपास. कर्करोगाच्या उपचारात वापरतात त्या कोबाल्ट-६० चे गॅमा किरण अगदी शेवटी, ५०० जवळ.

खुणा मुलांनीच करायच्या. कॅल्क्युलेटरवर १००० मीटरला दोनाने भागत जायचं आणि किती वेळा भागलं ते मोजायचं, एवढंच गणित. छापील तक्ता लावायचा तर आता, पट्टीच्या शेजारी. मुलंच त्यातल्या चुका दाखवतील.

रेडिओच्या टोकाला

मायक्रोवेव्ह ओव्हन घरी असेल तर उडदाचे कच्चे पापड वापरा. फिरती थाळी काढून घ्या. तिला फिरवणाऱ्या खुंटीवर काचेची वाटी पालथी घालून वर सपाट काचेचं ताट ठेवा, म्हणजे ते फिरणार नाही. ताटभर पापड पसरा आणि १५-२० सेकंद चालवा. पापड ठिपक्याठिपक्यांनी भाजतात. लगतच्या दोन भाजलेल्या ठिपक्यांमधलं अंतर म्हणजे अर्धी तरंगलांबी, सुमारे सहा सेंटिमीटर. दुप्पट करा, ओव्हनच्या मागे लिहिलेल्या २४५० मेगाहर्ट्झने गुणा, प्रकाशाचा वेग मिळतो. ६.१ सेंटिमीटर आलं तर उत्तर सेकंदाला २,९९,००० किलोमीटर, खऱ्या २,९९,७९२ च्या अगदी जवळ. प्रत्यक्षात अंतरं साडेपाच ते सातपर्यंत येतात, कारण ओव्हनच्या पेटीत तरंग तिन्ही दिशांनी आपटून गुंतागुंतीची नक्षी तयार करतात. म्हणून दहा-बारा जोड्या मोजून सरासरी घ्या. एकच जोडी निवडून "बरोबर" उत्तर काढणं ही लबाडी आहे, तसं मुलांना सांगा. रिकामा ओव्हन चालवू नका.

ओव्हनच्या दारावरची जाळी दाखवा. भोकं मिलिमीटर-दोन मिलिमीटरची, त्यातून आतला दिवा दिसतो पण १२ सेंटिमीटरचा तरंग बाहेर येत नाही. यावर एक खोडकर मुलगा नक्की विचारेल की मोबाइल स्टीलच्या डब्यात घातला तर? करून पाहा. ॲल्युमिनियम फॉइलमध्ये नीट गुंडाळलेला मोबाइल सहसा मुका होतो. डब्यातला अनेकदा वाजतो. झाकणाची फट अरुंद असली तरी घेराने लांब असते, आणि गळतीला फटीची लांबी पुरते.

रेडिओ तरंगांसाठी मध्यम लहरींचा जुना ट्रान्झिस्टर शोधा. कोणतंही केंद्र नसेल तिथे काटा ठेवा आणि शेजारी गॅसचा लायटर 'टक' करा. रेडिओत कडकड येते. १८८७ मध्ये हाइनरिक हर्ट्झने ठिणगीने तरंग पाठवले, त्याची ही स्वयंपाकघरातली आवृत्ती. इथेच "रेडिओ तरंग म्हणजे आवाज" हा सर्वांत चिवट गैरसमज उकरून काढा. लायटर आणि रेडिओ यांच्या मध्ये फॉइल धरा, मग पुठ्ठा धरा आणि फरक ऐका. आवाज रेडिओच्या स्पीकरच्या पडद्यात तयार होतो. येतो तो प्रकाशाच्याच वेगाने येणारा तरंग.

क्ष-किरण आणि गॅमा यांना वर्गात प्रयोग नाही, आणि नसलेलाच बरा. कोणाच्या घरची जुनी एक्स-रे फिल्म आणा, हाड पांढरं का दिसतं एवढं विचारा. हाडातलं कॅल्शियम किरण अडवतं, तिथे फिल्मवर कमी किरण पोचतात आणि ती काळी पडत नाही. पुरे.

धोक्याबद्दल मात्र दहा मिनिटं द्या, कारण मुलांच्या घरी मोबाइल टॉवरवरून वाद चालू असतात. तरंगाची ऊर्जा सुट्या पुड्यांनी येते, त्या पुड्याला प्रकाशकण (फोटॉन) म्हणतात. ९०० मेगाहर्ट्झच्या एका कणाची ऊर्जा इलेक्ट्रॉनव्होल्टच्या (अशी चिमुकली ऊर्जा मोजायचं एकक) सुमारे चार दशलक्षांश. दृश्य प्रकाशाची दीड-पावणेदोन ते सव्वातीन. २५४ नॅनोमीटरच्या अतिनीलाची पाचाजवळ, म्हणजे रेणूंचे बंध तुटू लागतात. क्ष-किरणाची हजारोंत, तिथे अणूतून इलेक्ट्रॉन उडतो. रेडिओ तरंग कितीही ओतले तरी ते तापवतात, अणूतून इलेक्ट्रॉन उडवत नाहीत. 'रेडिएशन' या एका शब्दात हे सगळं कोंबल्यामुळे घोळ होतो.

वागणं

अपवर्तन-परावर्तन पाठ्यपुस्तकात आहेच, म्हणून फक्त जिथे अडतं ते सांगतो. पूर्ण आंतरिक परावर्तन (पाण्यातला किरण पृष्ठभागातून बाहेर न पडता सगळाच आत परत फिरणं) चौकोनी टाकीत दाखवायला गेलात तर फसाल. खालून लेसर मारला तर सपाट तळातून आत गेलेला किरण वरून बाहेर पडतोच, कधीच पूर्ण परावर्तित होत नाही. बाजूने मारला तर जवळपास नेहमी पूर्णच परावर्तित होतो. वरून बाहेर पडायला तो बाजूच्या भिंतीवर सुमारे ६२ अंशांहून जास्त तिरपा हवा. दोन्हींत ४८.६ अंशांचा क्रांतिक क्षण, म्हणजे किरण बाहेर पडायचा थांबतो तो, हाती लागत नाही. बिस्किटांची गोल पारदर्शक बरणी आडवी ठेवा, बरोबर अर्धी भरा, दोन थेंब दूध टाका आणि किरण खालच्या गोल बाजूने मध्यरेषेवर रोखा. तो काचेवर न वळता थेट पृष्ठभागाशी पोचतो आणि कोन हवा तसा बदलता येतो.

लाल लेसर पाण्यात गेल्यावर त्याची ६५० नॅनोमीटरची तरंगलांबी ४८९, म्हणजे हवेतल्या निळ्याएवढी होते, वेग सेकंदाला सव्वादोन लाख किलोमीटर. चाणाक्ष मुलगी विचारते: मग तो निळा का होत नाही? कारण वारंवारता बदलत नाही, आणि रंग ठरतो तो वारंवारतेवर. शिवाय डोळ्याच्या आतही पाण्यासारखाच द्रव आहे, प्रत्येक प्रकाश पडद्यावर पोचेपर्यंत तितकाच आखूड झालेला असतो.

लेसर लाल आणि एक मिलिवॉटच्या आतला घ्या. स्वस्त हिरवे लेसर लेबलावर लिहिलेल्यापेक्षा कितीतरी जोरदार निघतात आणि त्यांतून न दिसणारं अवरक्तही गळतं. पारदर्शक केलेल्या सीडीतून लाल लेसर सरळ भिंतीवर मारा, सीडीपासून भिंत एक मीटर: बाजूचा पहिला ठिपका मधल्यापासून ४४ सेंटिमीटरच्या थोडा पुढे पडतो. त्यावरून तरंगलांबी उलट काढायला लावा. मोजपट्टीने नॅनोमीटर मोजल्याचा आनंद मोठा असतो.

प्रकाश विखुरण्याचा प्रयोग दुधामुळे बिघडतो. मलईच्या दुधातले स्निग्ध गोळे मोठे, ते सगळे रंग सारखेच उडवतात आणि पाणी नुसतं पांढरं होतं. साय काढलेलं दूध घ्या, लिटरला पाच-सहा थेंबांपासून सुरुवात करा. टॉर्चचा ठिपका पलीकडून पिवळट-नारिंगी आणि बाजूने पाणी निळसर दिसेपर्यंत थेंब थेंब वाढवा. ४५० चा निळा ६५० च्या लालपेक्षा चौपटीहून जास्त विखुरतो, कारण विखुरणं तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असतं.

रंगासाठी नागपुरात संत्र्याहून सोयीचं काय? रंग बदलणारा एलईडी बल्ब अंधाऱ्या खोक्यात ठेवा. लाल उजेडात संत्रं लख्ख, निळ्यात जवळपास काळं. संत्र्यात 'नारिंगी' भरलेला नाही, ते निळा गिळतं आणि उरलेलं परत देतं.

चार तासिकांत सगळं बसणार नाही. निवडायचं झालं तर वर्णपटदर्शक, तापमानाची बंदूक, रिमोट आणि सप्तकांची पट्टी ठेवा. हर्शेल आणि पापड सोडा. गांधीसागर तलावाजवळच्या रमण विज्ञान केंद्राची सहल यानंतर काढा, आधी नको. चंद्रशेखर व्यंकट रमण १९१० च्या सुमारास नागपुरात लेखा खात्यात अधिकारी होते, हे मुलांना आवडतं. २८ फेब्रुवारी १९२८ ला लागलेल्या 'रमण परिणामा'च्या शोधामागे हातातला वर्णपटदर्शक होता. मुलांनी सीएफएलमध्ये पाहिलेली ४३६ ची रेषाच रमण परिणामाच्या अभ्यासात पाऱ्याच्या दिव्यातून वापरली गेली. द्रवातून विखुरलेल्या प्रकाशात मूळ रेषेच्या बाजूला नव्या, फिकट रेषा दिसल्या, त्यांतल्या बहुतेक लाल बाजूला सरकलेल्या. हळदीच्या द्रावात मुलांनी पाहिलेल्या झगमगाटापेक्षा हे वेगळं कसं, हा प्रश्न सहलीच्या बसमध्ये टाका: हळदीचा उजेड टॉर्च बदलली तरी त्याच रंगाचा राहतो, रमणच्या रेषा मात्र मूळ रेषा सरकवली की तिच्याबरोबर सरकतात.